आशाबाई हजर

नवं गावठाण, ता. कळमनुरी
१२ जानेवारी २०२५

लाडक्या ऐश्वर्याला केशर मावशीचा जयभीम.

तुझं नर्सिंगचं शिक्षण बराबर चाललं असंल. नांदेडला थंडी लई म्हणतात, स्वेटर घालत जा. आमी इकडं ठीक.

त्या परदेशी संस्थेच्या शेळ्या आल्या. तलावात घर गेलेल्या दर बाईला दोन. यंदा आठ घरच्या बाया ऊसतोडीला गेल्या न्हाईत, लेकरं शाळेत हायत. बारा वर्षांत आपल्यासाठी कोणी इतकं केलं न्हाई.

आपल्या दारात चार बांधल्यात. काहून चार, ते सांगते. यादीत मी तुझ्या आईचंबी नाव घातलं. बहीण आशाबाई माझ्यापाशीच राहती, असं लिहून दिलं.

मागल्या महिन्यात संस्थेत काम करणारी राणी यादीच्या तपासणीला आली. मी घराला कुलूप लावून कापूस वेचायला गेलते. दुपारी आले तर पोरगी ओट्यावर बसून लिहीत होती.

"मावशी, काम झालं. आशाबाई भेटल्या."

"कुठं?"

"इथंच, ओट्यावर. फोटो काही नीट निघाला न्हाई, पण अंगठा घेतला."

तिनं कागद दाखवला. ठशाभोवती कागद ओला होता.

"काही म्हणली का?"

"म्हणल्या, केशर ट्रॅक्टरवरून माझ्याकडं बघत होती. मला हाक काहून न्हाई मारली?"

हे राणीला कोण सांगणार? मी आजवर कोणापाशी बोलले न्हाई.

तुझी आई गाव सोडायच्या आधल्या दिवशी ओढ्यात वाहून गेली, असं तुला सांगत आले. ते खोटं हाय. गाव सोडलं त्या दिवशी ती बाबासाहेबांचा फोटो आणायला घरात परतली. रस्त्यावर पाणी चढून राहिलं होतं. तू माझ्या मांडीवर झोपलेली. ती मला दारात दिसली. ट्रॅक्टरवाल्यानं इचारलं, "समदे बसले का?"

मी म्हणले, "व्हय."

काल संस्थेच्या बैठकीत उभी राहिले. म्हणले, आशा मेलेली हाय, दोन शेळ्या परत न्या. मोठ्या बाईंनी हजेरीचं रजिस्टर चाळलं. म्हणल्या, "पण त्या तर दर बैठकीला येतात. आजबी आल्यात."

समद्या बाया मागं वळून बघू लागल्या. मी वळले न्हाई.

सुट्टी लागली की ये. शिव्या दे, मार, पण ये. घरात आता आमी दोघीच असतो.

तुझी मावशी म्हणवायला न धजणारी,
केशर