अक्काची खुर्ची आणि दारातला उतार

ती. अक्कास,

आकुर्डीहून हरिहरचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझा उजवा पाय अजून रुसलेलाच आहे का आणि डॉक्टरांवरचा तुझा राग ओसरला का, ते कळव. (फोनवर "लातुरात एकटी राहू नकोस, इकडे ये" म्हटलं की नेमका तुझा कुकर उतरवायचा असतो, म्हणून हे पत्र.)

"माझी चाकांची खुर्ची तुमच्या पायऱ्या कशी चढणार?" हा तुझा मुद्दा मी मनावर घेतला. दाराशी उतार बांधायचा तर तो घर आणि कुंपण यांच्यामधल्या, नियमानं मोकळ्या सोडायच्या जागेत येतो. तिथे पालिकेनं खास सवलत दिल्याशिवाय बांधकाम करता येत नाही. अर्ज केला, पण साहेब पाहणीला येईपर्यंत धीर धरवेना, म्हणून भंगारातल्या फळ्यांचा नमुना ठोकला. नोकरीतला सगळा जन्म चाकणला ट्रकमध्ये माल चढवण्यात गेला, त्यामुळे उताराचा अंदाज हातात बसलेला. (तो मालाचा, माणसाचा नव्हे, असं नीलिमा तेव्हाच म्हणाली होती. पण बायकोचं ऐकायची आपल्या घराण्यात रीत नाही, हे तूच सांगतेस.)

माल पाठवण्याआधी चाचणी हवीच, म्हणून भाड्यानं आणलेल्या खुर्चीत मीच बसलो. नीलिमानं मागून घट्ट धरलं होतं. तेवढ्यात फाटक उघडून पालिकेचे साहेब आले आणि तिनं त्यांना नमस्कार करायला दोन्ही हात जोडले. मी साहेबांच्या शेजारून बाहेर पडलो, गल्ली ओलांडली आणि समोरच्या रुक्मिणीबाईंच्या वाळत घातलेल्या कुरडयांत जाऊन थांबलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "भावजी, ह्या उतारावरनं अक्का यायची न्हाई, पळून जायची."

साहेब भले निघाले. "काका, उतार लांबवा, मी सवलतीची शिफारस करतो," म्हणाले. लांबवायचा तर नीलिमाची जास्वंद मधे येत होती. नीलिमा स्वतःच आत जाऊन कुदळ घेऊन आली. अक्का, मला भरून आलं. ते मी कपड्यांवरच्या कुरडया झटकत निभावलं.

सवलत मिळाली. पक्का उतार तयार आहे.

तुझा धाकटा,
हरिहर

ता.क. सवलतीला अट आहे. खुर्चीवाली व्यक्ती महिन्याभरात राहायला आली नाही, तर पालिका उतार पाडणार. नाइलाज आहे, शनिवारी गाडी घेऊन येतो.

ता.क. (नीलिमाकडून) वन्सं, अशी कुठलीही अट नाही. "तुझ्याशिवाय करमत नाही" एवढं लिहायला यांना जमत नाही. रोज संध्याकाळी चहा घेऊन त्या रिकाम्या उतारावर एकटेच बसून असतात. शनिवारी बॅग भरून ठेवा.