संकल्पना आणि रचना : मी

३ जानेवारी
ठरलं. आर्किटेक्चरच्या मास्टर्सला अर्ज करायचा. दोन वर्षांचा कोर्स, परगावी. यंदा नाही तर कधीच नाही, असं मी दरवर्षी म्हणतो, पण यंदाच्या म्हणण्यात जोर आहे. ऑफिसात कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. सरांना तर मुळीच नाही. बायकोला सांगितलं. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये असते, त्यामुळे कसलीही बातमी सांगा, चेहऱ्यावरून काही कळत नाही. म्हणाली, कर की.
भीती अजिबात वाटत नाही. नोंद असावी म्हणून लिहितो.

४ जानेवारी
पोर्टफोलिओ हवा. म्हणजे आपण केलेल्या कामांची चित्रं, फोटो, प्लॅन. तीन दिवसांचं काम. आजच सुरुवात.

११ जानेवारी
फॉन्ट ठरला.

१२ जानेवारी
फॉन्ट बदलला.

१६ जानेवारी, जेवणाच्या सुट्टीत
आपली कामं वेगळी काढायला बसलो. सरांकडे सहावं वर्ष. शाळा, हॉस्पिटल, सभागृह, सगळ्यात माझा हात आहे. नेमका कुठे, असं कुणी खोदून विचारलं तर टॉयलेटमध्ये. सर इमारत काढतात, मी तिची टॉयलेट काढतो. फरशीचा उतार कुणीकडे, टाइलचा कापलेला तुकडा कुठल्या कोपऱ्यात लपवायचा, दार उघडलं तर बाहेरून काय दिसेल. या बाबतीत झूमसुद्धा मलाच विचारतो. झूम म्हणजे शेजारच्या टेबलावरचा. सतत ड्रॉइंग मोठं करून बघत असतो म्हणून झूम.
पण पोर्टफोलिओत नुसती टॉयलेट कशी पाठवणार?
पोटात गोळा आल्यासारखं वाटतंय. चहा कडक होता.

१८ जानेवारी
झूमला आडून विचारलं, एका मित्राचं म्हणून. तो म्हणाला, ऑफिसची कामं सगळेच घालतात, खाली आपला वाटा लिहायचा की झालं. त्या मित्राला माझा नमस्कार सांग, असंही म्हणाला. मित्र कोण हे त्याला कळलेलं नाही.
मुद्दा पटला. टॉयलेट नसतं तर त्या सभागृहात सभा किती वेळ चालली असती? म्हणजे माझ्याशिवाय ते सभागृह नाहीच.

२३ जानेवारी
सभागृहाच्या पानाखाली लिहिलं, ‘टीममध्ये सहभाग’. फार केविलवाणं दिसलं. ‘रचना साहाय्य’ केलं. तेही हात जोडून उभं असल्यासारखं. ‘रचना : मी आणि इतर’ केलं. मग वाटलं, इतर कशाला? त्यांनी कुठे अर्ज केलाय.

२७ जानेवारी
‘संकल्पना आणि रचना : मी’. पानावर काय सुरेख बसलं! शेवटी फॉन्ट महत्त्वाचा. मग शाळेखालीही तेच टाकलं, हॉस्पिटलखालीही. एकाच पानावर असतं तर विचित्र दिसलं असतं.
बायकोला दाखवलं. तिने एकेक पान सावकाश पाहिलं आणि विचारलं, यात तू कुठे आहेस? म्हटलं, प्रत्येक पानावर, खाली. ती म्हणाली, ते वाचलं मी.
तिला आर्किटेक्चर कळत नाही.

५ फेब्रुवारी
अर्ज गेला. कोर्स का करायचाय, या प्रश्नाला अवकाशाशी माझा संवाद वगैरे लिहून टाकलं. बटण दाबल्यावर हात गार पडले. पंखा जोरात होता.

९ फेब्रुवारी
सरांनी केबिनमध्ये बोलावलं. कळलं यांना. राजीनामा कसा बोलून दाखवायचा ते जाता जाता तयारही केलं. सरांना हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या टॉयलेटमध्ये आरसा थोडा खाली हवा होता. व्हीलचेअरवरच्या पेशंटला नुसता छताचा पंखा दिसतो म्हणाले. खाली घेतला.

२० फेब्रुवारी
इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. पुढच्या गुरुवारी, तिथेच, कॉलेजात. सरांना सांगितलं, रूट कॅनाल आहे, दिवसभर सुट्टी हवी. सर म्हणाले, जरूर घ्या, दाताचं दुखणं वाईट, आणि गुरुवारी मीही नाही, बाहेरगावी काम आहे. नशीब जोरावर आहे. सरच नसतील तर चौकशी करणार कोण?

२४ फेब्रुवारी
तयारी. बायको परीक्षक झाली. पहिलाच प्रश्न, सभागृहाचा जिना या बाजूला का घेतला? मला काय माहीत! जिना सरांनी घेतलाय. ती वाट बघत बसली. असले बारीकसारीक प्रश्न मास्टर्सला विचारत नाहीत, असं तिला समजावून सांगितलं. मोठी भूमिका विचारतात. ती पाठ आहे. सर प्रत्येक क्लायंटला सांगतात, छत म्हणजे ऊन गाळून घेणारी चाळणी. सहा वर्षं ऐकतोय. झोपेतही म्हणेन.

२८ फेब्रुवारी, गुरुवार, परतीच्या बसमध्ये
लिहावंसं वाटत नाही. लिहितो.
लांब खोली. टेबलापलीकडे तिघं. मधे पांढऱ्या केसांच्या प्रमुख बाई, डावीकडे एक तरुण प्राध्यापक, उजवीकडे बाहेरून बोलावलेले परीक्षक. बाहेरून बोलावलेले परीक्षक म्हणजे सर.
सरांनी चष्मा लावला, माझा पोर्टफोलिओ जवळ ओढला आणि स्वतःची शाळा पाहिली. मग स्वतःचं हॉस्पिटल पाहिलं. प्रत्येक पानाखालची ओळ वाचायला थांबत होते. आम्ही ओळखतो एकमेकांना, असं ते म्हणाले नाहीत. मी कसला म्हणतोय.
बाईंनी सभागृहाच्या छताची कल्पना कशी सुचली ते विचारलं. दुसरं काही आठवेच ना. सरांच्या समोर बसून सरांना सांगितलं की छत म्हणजे ऊन गाळून घेणारी चाळणी. सरांनी मान डोलावली. बाईंना म्हणाले, वाक्य चांगलं आहे.
तरुण प्राध्यापकाने जिन्याचं विचारलं. मी ‘जिना, जिना’ एवढंच म्हणत राहिलो. तेव्हा सर मला म्हणाले, दात दुखत असेल तर सावकाश बोला. बाकीच्या दोघांना वाटलं, किती सहृदय माणूस.
शेवटी सरांनी एकच विचारलं. हे सगळं तुम्ही एकट्याने केलंत?
त्या वेळी नाही म्हणता आलं असतं. मान खाली-वर झाली. मी हलवली असं म्हणवत नाही, पण झाली.

१ मार्च
ऑफिस. सर म्हणाले, दात कसा आहे. म्हटलं, बरा आहे. म्हणाले, छान. एवढंच. दिवसभर केबिनचं दार उघडं होतं. मी त्या दारासमोरून एकदाही गेलो नाही.

७ मार्च
अजून काही नाही. शांतपणे विचार करता वाटतं, सरांना अभिमान वाटला असावा. आपल्या माणसाने आपलं काम आपलं मानलं, यापेक्षा मोठी गुरुभक्ती कोणती? हे बायकोला सांगितलं. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.


१४ मार्च
कॉलेजचं पत्र आलं. नकार. पण कसला नकार! लिहिलंय, आपला अनुभव आणि कामाचा आवाका पाहता आमच्या कोर्समधून आपल्याला नवं काही शिकायला मिळेल असं समितीला वाटत नाही. म्हणजे त्यांच्यापेक्षा मी वरचढ ठरलो. बायकोला वाचून दाखवलं, मोठ्याने. दुसऱ्यांदा वाचताना अर्ध्यावरच थांबलो.

१५ मार्च
सरांनी बोलावलं. बसा म्हणाले. सहा वर्षांत पहिल्यांदा.
म्हणाले, बाईंनी मला विचारलं होतं, हा मुलगा कसा वाटतो. मी चारचौघांत तुम्हाला खोटं पाडलं नाही. त्याच मग म्हणाल्या की याला शिकवायचं काय. जागा एका मुलीला गेली. तिने एकच छोटं घर दाखवलं, तेही फसलेलं. जिना कुठे घ्यावा ते मला कळत नाही, म्हणून आले, असं म्हणाली. बाई खूश झाल्या.
मी जमिनीकडे बघत होतो. सर चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टेबलावरून एक प्लॅन सरकवला, रिकाम्या प्लॉटचा. म्हणाले, नवं ग्रंथालय आलंय, दोन मजली. सोमवारपासून तुम्ही करा. एकट्याने. मी बघणारही नाही.
झूमने अभिनंदन केलं. म्हणाला, तुझ्या मित्रालाही कळव.

१८ मार्च, सोमवार
सकाळी कोरा कागद लावला. आधी उत्तर दिशेचा बाण काढला. चांगला आला. मग बाणाची जागा बदलली. दुपारपर्यंत कागदाच्या मधोमध एक टॉयलेट तयार झालं, अगदी नेमकं, उतारासकट. त्याच्या बाहेर काय असतं ते मला माहीत नाही. दार कुठे उघडतं, पुस्तकं कुठे, माणूस वरच्या मजल्यावर जातो कुठून. खरंच माहीत नाही. मग टॉयलेटच्या टाइल मोजत बसलो. सर केबिनमधून निघाले, माझ्या टेबलाशेजारून गेले आणि कबूल केल्याप्रमाणे त्यांनी पाहिलं नाही.
घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग उद्या सरांना सांग ना, मला येत नाही, शिकवा. म्हटलं, एवढं सांगायलाच तर मी दोन वर्षं परगावी चाललो होतो. वाटलं होतं, ती हसेल.
ती हसली नाही. त्याची फार भीती वाटली.