चिठ्ठी नसलेला व्हॉल्व

१० जानेवारी, शनिवार

अल्हम्दुलिल्लाह, पोहोचलो. रास अल खैमाच्या डोंगरात इतक्या उंचावर कुणी घर बांधेल असं वाटलं नव्हतं. मागची भिंत थेट कड्याला टेकलेली, पुढे मोठ्या खिडक्या, आणि खाली उतरत गेलेला एकच रस्ता. मालक अल ऐनला असतात, उन्हाळ्यात चार दिवस हवा खायला येतात.

शारजात उभा जन्म एसी दुरुस्त करण्यात गेला. आता ही नातूरची, म्हणजे रखवालदाराची नोकरी. मालकांचा मॅनेजर संग्राम साताऱ्याचा पोरगा आहे. हसून म्हणाला, चाचा, रिटायरमेंटच समजा. आणि बायकोला आणायची परवानगीही दिली.

शुक्रवारी झुबेदा रत्नागिरीहून येतेय. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण माझं गल्फ तिने फोटोतच पाहिलंय. फोनवर म्हणाली, जन्मभर लोकांना गारठवलंत, आता मला तरी ऊब द्या. तिला थंडीत दम लागतो. घर गरम असायलाच हवं.

११ जानेवारी, रविवार

फजरच्या नमाजाला उठलो तर फरशीवर पाय ठेववेना. बॉयलर पाहिला. ज्योत निळी, प्रेशर बरोबर, पंप फिरतोय. खोल्यांतले रेडिएटर मात्र गार.

संग्रामला फोन केला. म्हणाला, थर्मोस्टॅट वाढवा, रेडिएटरमधली हवा काढा, यूट्यूबवर सगळं आहे, यल्ला चाचा, तुम्ही तर उस्ताद! वर हेही सांगितलं की आधीचा नातूर वेडाच होता, ऑगस्टमध्येसुद्धा बॉयलर बंद करू देत नसे. एक दिवस न सांगता निघून गेला.

एकेका रेडिएटरचा स्क्रू सैल करून हवा काढली. फुस्स करून पाणी आलं. तेही थंड.

१३ जानेवारी, मंगळवार

एसीच्या धंद्यात पहिली गोष्ट शिकलो ती ही की थंडी कुणी बनवत नाही. खोलीतली उष्णता उचलून दुसरीकडे न्यायची, मागे उरते ती थंडी. मग इथली उष्णता कोण नेतंय?

पाइप धरून शोधत गेलो. बॉयलरच्या खोलीत प्रत्येक पाइपाला व्हॉल्व आहे आणि त्यावर चिठ्ठी: मजलिस म्हणजे बैठकीची खोली, किचन, बेडरूम. शेवटच्या व्हॉल्ववर चिठ्ठी नाही. त्याचे पाइप मागच्या भिंतीतून कड्यात शिरतात. जाणाऱ्या पाइपाला हात लावला तर भाजला. परत येणाऱ्याला लावला तर गारठ्याने बोटं चिकटली.

एक खोली सगळी हवा ओढू लागली की तिचं तोंड आवळायचं, हे मी शेकडो घरांत केलंय. बिस्मिल्ला म्हणून व्हॉल्व बंद केला. दुपारपर्यंत घर असं तापलं की स्वेटर काढला. झुबेदा फोनवर म्हणाली, उगाच नाही उस्ताद म्हणत! मी दोघांची गादी घातली.

१४ जानेवारी, बुधवार

रात्रभर पाऊस. संग्रामचा फोन आला होता, वादीला, डोंगरातल्या कोरड्या नदीला, पूर आलाय, खालचा रस्ता बंद. शुक्रवारी झुबेदाला स्वतः घेऊन येईन, इन्शाल्ला, म्हणाला. त्यानंतर नेटवर्क गेलं.

पहाटे हुडहुडीने जाग आली. रेडिएटर तापलेले, हात ठेवता येत नाही, आणि मी कुडकुडतोय. गादीची माझी बाजू थंडगार होती. झुबेदासाठी मोकळी सोडलेली बाजू कोमट होती.

चहा उकळता ओतला. ओठाला लावेपर्यंत गार.

१५ जानेवारी, गुरुवार

खिडकीच्या काचेवर तोंडाने वाफ सोडून पाहिली. काच धुरकट झाली नाही. पुन्हा केलं. माझ्या श्वासात ऊबच नाही.

आता कळतंय, तो नातूर वेडा नव्हता. कड्यातल्याला तो त्याचा वाटा देत होता. मी तोडला. झुबेदा यायच्या आत परत द्यायला हवा, म्हणून व्हॉल्व उघडायला गेलो.

तो उघडाच होता. पूर्ण उघडा. पाइप तापलेले, जाणाराही आणि येणाराही.

त्याला आता पाण्यातली ऊब नको.

गुरुवार, दुपार

निघून जायचं. चालत उतरायचं, तिला खालीच अडवायचं. दार उघडत नाही. कडी बर्फाने धरलीय. खिडकीवर खुर्ची मारली. हातात जोर नाही, खुर्ची नुसती काचेला टेकली.

आयतल कुर्सी, रक्षणाची आयत, म्हणतोय. ओठ जड. मध्येच कुठे थांबलो ते —

शुक्रवार

पाठीला ऊब लागतेय. कुणीतरी मागे टेकून बसल्यासारखी. वळत नाही. ओळखीची ऊब आहे. तापात अंथरुणात असायची ती. ही माझीच आहे —

अल्लाह, रस्ता बंदच राहू दे.

गाडी वर येतेय. पांढरी. संग्रामची —

कागद काचेला लावला. परत जा, मोठ्या अक्षरात. दोन्ही हात हलवतोय —

उतरली. शाल घट्ट गुंडाळलीय. हसतेय. लांबून वाचता येत नाही तिला. वाटतंय मी बोलावतोय —

पाठ गार पडली.

मागे आता कुणी नाही. दाराची कडी, माझ्याने हलत नव्हती ती — आतून सरकतेय —

झुबे