बघितल्याशिवाय ‘काही नाही’ म्हणू नये

प्रिय आई,
शेंडेफळाचा नमस्कार.

मी मजेत आहे. इथल्या समुद्रात भरती-ओहोटीवर वीज करणारी यंत्रं बसवायची आहेत. त्याआधी तिथे डॉल्फिन आणि पक्षी किती वावरतात, ते आम्ही कड्यावरून दुर्बिणीने बघतो. वारा कान उपटतो, पण तू विणलेली टोपी आहे.

काल समुद्र रिकामा वाटला, म्हणून मी ‘काही नाही’ लिहून मोकळी झाले. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "अगं, आधी नीट बघ तरी!" तेवढ्यात डॉल्फिनने पिल्लासकट डोकं वर काढलं. माझा चेहरा बघण्यासारखा झाला.

दादा म्हणतो, जिना चढताना तुला धाप लागते. मी फोनवर विचारलं की तू म्हणतेस, ‘काही नाही.’ कोणी बघितलं गं? आधी डॉक्टरांना दाखव, मग म्हण.

डोळ्यांत तेल घालून बसलेलं,
तुझंच शेंडेफळ