उमापूरच्या गायी

उमापूर, ९ मार्च १९८७

चि. गहिनीनाथ यास आक्काचे अ. उ. आ.

एक माहिती हवी आहे. ती कशाला हवी, हे तू विचारायचे नाही. तू मुंबईच्या डेअरीत दूध पावडर पाण्यात कालवतोस. एका किलोला पाणी किती घालतात? गुठळ्या होऊ नयेत म्हणून काय करतात?

बाकी ठीक. विहिरीत बादली तळाला लागते. तुझे दाजी कडबा शोधत शेवगावपर्यंत जाऊन आले. मी महिला दूध संस्थेची चेअरमन झाल्यापासून ते मला चेअरमनबाई म्हणतात. चहा मात्र पहिल्यासारखाच मागतात.

परवा दूधगाडीवाला सांगून गेला, की रोज चाळीस लिटरचा एक कॅन भरला तरच गाडी उमापूरला वळेल. सध्या सगळ्या बायांचे मिळून सव्वीस लिटर निघते. गाडी बंद झाली तर विकतचा कडबा कोणी घालणार नाही, आणि गावच्या अकरा म्हशी महिन्याच्या आत बाजारात उभ्या राहतील. छबुबाईने तर आपल्या म्हशीसाठी आत्ताच रडून घेतले.

उत्तर लवकर धाड. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सारजाआक्का

*

मुंबई, १७ मार्च १९८७

ती. सौ. आक्कास गहिनीनाथचा सा. न. वि. वि.

विचारू नको म्हणालीस म्हणून विचारत नाही. समजलो.

एका किलोला दहा लिटर पाणी. कोमट हवे. पावडर पाण्यात टाकायची, पाणी पावडरीवर ओतायचे नाही, आणि हात थांबवायचा नाही. पण या पावडरीतले लोणी आधीच काढलेले असते. आम्ही परदेशातूनच आलेले तूप वरून घालतो. तू करडईचे तेल घालशील, मी तुला ओळखतो. घालू नकोस. म्हशीच्या दुधात निम्मे मिसळलेस तर फॅट मोजायच्या यंत्राला ते गाईचे वाटेल. मुंबई रोज सकाळी रांग लावून असलेच दूध नेते. फरक एवढाच, की आम्ही ते उघड सांगून विकतो.

लहानपणी तू चरवीत पाणी घालायचीस आणि मार मी खायचो. या वेळी माझे नाव घेऊ नकोस. नोकरी कायम व्हायची आहे.

दाजींना नमस्कार. कृपादृष्टी ठेवावी, थोडी लांबूनच.

तुझा,
गहिनीनाथ

*

उमापूर, ५ एप्रिल १९८७

चि. गहिनीनाथ यास अ. उ. आ.

तू विचारले नाहीस म्हणून सांगते. बालवाडीत त्याच परदेशी पावडरीची पोती थप्पी लागून पडली होती. मुले घोट घेत आणि भिंतीवर थुंकत. बालवाडीच्या विमलबाई वैतागल्या होत्या. आता पोत्यांच्या बदल्यात रोज सहा लिटर म्हशीचे दूध बालवाडीत जाते आणि भिंत स्वच्छ राहते. उरलेले वीस लिटर आणि पावडरीचे वीस, असा कॅन काठोकाठ भरतो. पावडर मुंबईच्या बंदरात उतरली, उमापूरला आली, आता परत मुंबईला चालली. हिच्याएवढा प्रवास तुझ्या दाजींनी जन्मात केला नाही.

यंत्राने खरेच गाईचे दूध म्हटले. मीही रजिस्टरात गाईचे लिहिले. तिथे चुकले. आसपासच्या गावांचे कॅन रिकामे होत गेले, आणि आमचे चाळीस लिटर रोज चाळीसच. डेअरीच्या साहेबांनी विचारले, दुष्काळात न आटणाऱ्या या गायी कोणत्या जातीच्या? मी म्हणाले, घरच्याच. आता हॉलंडचा एक पाहुणा येतो आहे, पावडर पाठवणाऱ्यांपैकी. वीस तारखेला साहेब त्याला उमापूरच्या गायी दाखवणार आहेत.

गावात गाय एक. माझ्या सासूची. दोन वर्षे भाकड. दाजी म्हणतात, बैल लांब उभे करू, पाहुण्याला काय कळतंय. गाडी बंद झाली तर अकरा दावणी रिकाम्या होतील, त्या माझ्यामुळे.

सल्ला दे. रागावलास तरी जीव लावणे सोडू नकोस.

तुझी,
सारजाआक्का

*

मुंबई, १२ एप्रिल १९८७

ती. सौ. आक्कास सा. न. वि. वि.

बैल उभे करू नका. हॉलंडचा माणूस आणखी काही ओळखो न ओळखो, गाय ओळखतो.

आमचे इंजिनीअर सांगत होते, तिकडे दूध इतके होते की पिऊन संपत नाही. त्याची पावडर करून ते जगभर वाटतात. आता प्रत्येक शेतकऱ्याने किती दूध घालायचे हे तिथल्या सरकारने बांधून दिले आहे. जास्त घातले तर दंड. तिकडे उतू जाते म्हणून इथे पोत्यांनी येते, आणि पोती दारात असली की मुंबईला तुमच्या कॅनची घाई राहत नाही. गाडी वळवायला कोणाचे पाय दुखतात, ते यावरून समज.

खरे सांगून टाक. आधी चहा दे. आणि माझे नाव, पुन्हा सांगतो, घेऊ नकोस.

दूर असलो तरी मनातून उतरवू नये.

तुझा,
गहिनीनाथ

*

उमापूर, २४ एप्रिल १९८७

चि. गहिनीनाथ यास अ. उ. आ.

तुझे नाव घेतले नाही. फक्त भाऊ डेअरीत आहे एवढे सांगितले.

पाहुणा ताडासारखा उंच. दूध संस्थेच्या चौकटीला डोके आपटून आत आला. मी कॅनमधले दूध पेल्यात दिले. पिऊन साहेबांमार्फत म्हणाला, अगदी आमच्या घरच्यासारखे लागते. मी साहेबांना म्हणाले, निम्मे त्यांच्या घरचेच आहे. मग गायी नाहीत, म्हशी आहेत, पोती कुठली, बालवाडीत काय जाते, सगळे सांगितले. साहेबांचा चेहरा पावडरीसारखा झाला. त्यांनी पाहुण्याला निम्मेच सांगितले असणार, पण पाहुणा उठून बालवाडीत गेला, मुलांचे पेले पाहिले आणि बराच वेळ हसला. त्याच्यासमोर साहेबांना गाडी बंद करता येईना. पावसाळ्यापर्यंत गाडी येईल. बोली अशी, की रजिस्टरात मिश्र दूध लिहायचे आणि भाव कमी घ्यायचा. बाया कबूल झाल्या. छबुबाईने म्हशीला पुरणाचा घास दिला.

मग पाहुण्याने आपले सांगितले. वडिलांच्या गोठ्यात साठ गायी होत्या. सरकारने दूध बांधून दिल्यावर पंचवीस कापायला गेल्या. गायी उपाशी नव्हत्या, दूध जास्त देत होत्या, एवढ्यावरून. मला राहवले नाही. साहेबांना म्हणाले, "ह्याच्या आईला सांगा, एखादी गाय घरापुरती ठेव म्हणावं, सरकारला काय कळतंय."

साहेब आधी सांगेनात. मी चेअरमन आहे म्हटल्यावर सांगितले. पाहुण्याने दाराकडे पाहिले, आवाज खाली आणला आणि म्हणाला, ठेवली आहे. गवताच्या गंजीमागे. रजिस्टरात नाही. साहेबांनी हे लिहून घेऊ नये.

दाजी तेव्हापासून विचारतात, ती गाय इकडे आणता येईल का. रजिस्टरात जागा आहे म्हणतात.

सुट्टी मिळाली की ये, पोटभर दूध देईन, म्हशीचे. आठवण ठेव, आम्ही ठेवून आहोत.

तुझी,
सारजाआक्का