चुकीच्या तारखेचे फोटो

सोमवार, ५ जानेवारी २०२६

पोचले एकदाची! जुन्नरच्या स्टँडवर सावळारामकाका मोटारसायकल घेऊन हजर होते. थोरल्या मळ्यात येईपर्यंत त्यांनी तीनदा विचारलं, की पुण्यातली चांगली नोकरी सोडून माणूस उसात कशाला येतो राव. पुण्यातल्या साहेबाचं तोंड बघायचा कंटाळा आला, हे खरं उत्तर. ते काही मी दिलं नाही.

खोली फक्कड आहे. गच्चीवर, नवी फरशी, खिडकीतून लेण्याद्रीचा डोंगर. चौदा घरांची वस्ती आणि चहूबाजूंनी ऊस. काकांच्या बायकोला, सरूमावशींना, कमी ऐकू येतं. त्यामुळे इथे सगळेच ओरडून बोलतात आणि मीही संध्याकाळपर्यंत ओरडायला शिकले. त्यांनी माझ्या वृषाली नावाचं 'विरशाली' करून टाकलंय. पिठलं असं वाढलं, की बाराव्या घासाला मी हात जोडले.

आता काम. मंचरच्या अंकितने बिबट्याची खबर देणारे डबे बनवलेत, तसे सहा या वस्तीभोवती लावलेत. गुडघ्याएवढ्या खांबावर एक डबा, आत छोटासा कॉम्प्युटर. सोलरची बॅटरी वाचावी म्हणून तो झोपलेला असतो. समोर काही हललं की उठतो, फोटो काढतो, आणि फोटोत बिबट्या दिसला तरच भोंगा वाजवतो. माणूस, गाय, कुत्रं यांना वाजवत नाही. पाच डबे शहाण्यासारखे वागतात. चौथा मात्र अधूनमधून झोपतो तो नीट उठतच नाही. कर्नेल, म्हणजे मशीनच्या पार पोटातला प्रोग्राम, हे माझं दहा वर्षांचं खाद्य. आठ दिवसांत उठवते त्याला.

मंगळवार, ६ जानेवारी

चौथा डबा ओढ्याकडच्या बांधावर आहे, तोंड उसाकडे. भोंगा इतरांपेक्षा मोठा बसवलाय, खास सरूमावशींना ऐकू यावा म्हणून. त्या रोज संध्याकाळी ओढ्याकाठी गुरांसाठी घास कापायला जातात.

माझी वायर हातभर. डबा गुडघ्याएवढा. म्हणजे डब्यासमोर, उसाकडे पाठ करून, जमिनीवर मांडी घालायची. काका बघत होते. म्हणाले, ताई, खाली बसू नका. उभ्या मानसाला ते भितं, बसल्यालं त्याला शेळीवानी दिसतं. मी म्हटलं, काका, भोंगा कशासाठी आहे मग? हसले, पण त्यांना पटलं नाही ते दिसलंच.

पूर्वी मावशी घासाला निघाल्या की काका काठी घेऊन सोबत जायचे. मावशींनी आज मला विचारलं, आता सोबत लागंल का? मी ठणकावून, म्हणजे ओरडूनच, सांगितलं, की भोंगा वाजला नाही म्हणजे जनावर नाही, खुशाल एकट्या जा. फार खूश झाल्या. काकांना म्हणाल्या, बगा, शिकल्याली पोरगी काय म्हंती.

गुरुवार, ८ जानेवारी

बेणं आहे हे! वायर लावली की डबा कधीच चुकत नाही. पन्नास वेळा झोपवला, पन्नास वेळा उठला. अंकितने मोबाईलवर पाठवलेला बिबट्याचा फोटो समोर धरला तर भोंगा असा वाजला, की काकांचं कुत्रं, टायगर, थेट गोठ्यात घुसलं. वायर काढली की मात्र अधूनमधून मरतो. बघत बसलं की गुणी, पाठ फिरवली की बदमाश.

वायरशिवाय आत काय झालं ते कळायचं कसं? एक जुनी युक्ती आहे. डबा मेला की साठवलेले फोटो सोडून आतलं सगळं पुसलं जातं, फक्त घड्याळ चालू राहतं. म्हणून उठताना प्रत्येक भागाने आपली खूण घड्याळात लिहायची. जिथे मेला तिथली खूण घड्याळात उरते. तोटा एकच, घड्याळाची तारीख पार बिघडते. बिघडू दे. लावली युक्ती.

शनिवार, १० जानेवारी

रोज संध्याकाळी तासभर वायर काढून डब्यासमोरच बसते आणि तो झोपायची वाट बघत ही वही लिहिते. हलायचं नाही, नाहीतर तो उठतो. मेला की बंद करून पुन्हा चालू करते. आत्ताही तिथेच आहे. गार वारा, पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांचा, वास. माणसाने अजून काय मागायचं!

डब्यातून फोटो उतरवले. त्यात काही १९८७ सालचे, काही २०४३ सालचे निघाले, घड्याळाच्या भानगडीमुळे. कोण निवडत बसणार? छोटा प्रोग्राम लिहिला. चुकीची तारीख दिसली की फोटो न उघडता कचऱ्याच्या फोल्डरमध्ये. स्वतःची पाठ थोपटून घेतली.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. सकाळी तिळगूळ, दुपारी गुळाची पोळी. मावशींनी ट्रंकेतून त्यांचा काळा स्वेटर काढून दिला, आजच्या दिवशी काळं घाल म्हणाल्या. कसर लागलेला, डांबरगोळ्यांचा वास येणारा, पण ऊबदार. रात्री परत द्यायचाय.

आता पावणेसहा. डब्यासमोर. मावशी ओढ्याकाठी घास कापताहेत, त्यांचा विळा इथपर्यंत ऐकू येतोय, इतकं शांत आहे. मघाशी साळुंक्यांचा नुसता कलकलाट होता, तोही एकदम थांबला. बरं झालं. लिहिताना मला शांतताच लागते.

शुक्रवार, १६ जानेवारी

सापडलं! घड्याळातली खूण भोंग्याची निघाली. मोठ्या भोंग्याला वीज पोचायला उशीर लागतो. डबा उठतो, फोटो काढतो, भोंग्याला हाक मारतो आणि त्याच्या उत्तराची वाट बघत तिथेच मरतो. वायर लावली की वीज तिच्यातूनच मिळते, म्हणून चुकत नाही. दुरुस्ती सोपी आहे. सोमवारी अंकित येईल तेव्हा घालू.

टायगर कालपासून दिसत नाही. काका वस्तीभर हाका मारत फिरले. मग माझ्याकडे आले आणि हळूच विचारलं, की भोंगा वाजला नव्हता ना ताई. मी नाही म्हटलं. मग न्हाईच, म्हणाले, आणि गेले.

झोप लागत नाहीये. डबा भोंग्याला हाक मारतो ती फक्त बिबट्या दिसला तरच ना?

शनिवार, १७ जानेवारी

ओझरच्या गणपतीला जाऊन आले. मनातली शंका अंकितला फोनवर सांगितली. तो म्हणाला, काहीतरी पानबिन हललं असेल, तसं असतं तर फोटोत दिसलं नसतं का.

फोटोत काही नाही. सगळे फोटो पाहिलेत मी.

सगळे नाही.

रविवार, १८ जानेवारी, पावणेपाच

कचऱ्याचं फोल्डर उघडलं.

एकवीस फोटो. सगळे चौथ्या डब्याचे. मधोमध मी, मान खाली, मांडीवर ही वही. मागे ऊस.

पहिल्यात उसात दोन ठिपके. मला वाटलं ऊन असेल.

पाचव्यात तोंड.

तारीख २०४३ ची, पण माझ्या अंगात काळा स्वेटर. तो मी एकाच दिवशी घातला होता. साळुंक्या गप्प झाल्या तेव्हाचा हा फोटो. अख्खं जनावर बांधावर आलंय. बसलंय. माझ्या पाठीपासून फार तर पंधरा पावलं. आणि मी लिहितेय, की शांतता बरी वाटते.

डबा एकवीस वेळा उठला होता. एकवीस वेळा त्याने बरोबर ओळखलं. मीच त्याच्या तारखा बिघडवल्या आणि मीच त्याचे फोटो कचऱ्यात टाकले. अगं बाई, काय करून बसले मी हे!

साडेपाच

वनखात्याला फोन केला. गाडी मंचरच्या बाजूला गेलीय, दीड तास लागेल म्हणाले. काका ओतूरला बैलाच्या औषधाला गेलेत, फोन लागत नाही. अंकितला फोटो पाठवले. डब्याकडे फिरकू नकोस म्हणतोय.

मावशी घरात नाहीत. गोठ्यात नाहीत. विळा खुंटीला नाही.

गच्चीवरून दिसल्या. ओढ्याकाठी, वाकून घास कापताहेत. वाकलेलं माणूस केवढंसं दिसतं. बेंबीच्या देठापासून ओरडले. ऐकू जाणार कसं? भोंगा तेवढा ऐकू जातो. भोंगा वाजला की हातातलं टाकून घरी पळायचं, हे मीच पाठ करून घेतलंय त्यांच्याकडून.

शेजारच्या घरातून दोघी ताटल्या वाजवत रस्त्याने निघाल्यात, पण तो लांबचा फेरा. बांधावरून डबा जवळ.

जाते.

पाच पन्नास

डबा मेलेलाच होता. म्हणजे आजही उठला होता. आत्ताच, दुपारी मी बघितला तेव्हा चालू होता.

वायर लावली. बंद करून चालू केला. पूर्ण चालू व्हायला चार मिनिटं. मग लॅपटॉपवर एक कळ दाबली की भोंगा. हुकूम लिहून ठेवलाय, बोट कळेवर.

उभं राहायला हवं. उभी राहिले की वायर निसटते. दोनदा निसटली. बसले आहे. उसाकडे पाठ.

मान मागे वळू बघते. लिहिलं की थांबते, म्हणून लिहितेय.

मावशी इथून दिसतात. भारा बांधताहेत. काही माहीत नाही त्यांना. माझ्या शब्दावर आल्यात.

तीन मिनिटं.

मागे पाचट वाजलं. वारा असेल — वारा नाहीये.

साळुंक्या —

गणपतीबाप्पा, मावशींना काही होऊ देऊ नकोस. माझी चूक आहे, त्यांची नाही.

एक मिनिट. मागे बघायचं नाही. वायर.

हिरवा दिवा. झाला चालू —

वाजला! भोंगा वाजतोय! मावशींनी वर पाहिलं, भारा टाकला, पळताहेत, घराकडे पळताहेत, पळा मावशी —

पण मी कळ अजून दाबलेलीच नाही —