शनिवारी सेट, सोमवारी सेमिनार

४ नोव्हेंबर २००६, शनिवार. येना, जर्मनी.
आजपासून रोजनिशी. पुढे लोक विचारतील, सुरुवात कशी झाली.
तळघरातल्या क्लबचा मालक येन्स म्हणाला, २५ला रात्री नऊ ते दहा रेकॉर्ड्स तू वाजव, तेव्हा कोणी आलेलं नसतं. रिकामा हॉल सांभाळायला भरवशाचा माणूस लागतोच.
२७ला इन्स्टिट्यूटमध्ये माझं सेमिनार. पीएचडीचं कॉन्ट्रॅक्ट वाढणार की नाही, ते त्यावर. नाही वाढलं तर ३१ डिसेंबरला कॉन्ट्रॅक्ट आणि व्हिसा दोन्ही संपतात. लागतो फक्त एक ग्राफ. दिवसा लेझर, संध्याकाळी टेक्नो. तीन आठवडे म्हणजे भरपूर.

९ नोव्हेंबर
लेझर स्थिर व्हायला दोन तास लागतात. माझ्याकडे एकच तास होता. उर्जा म्हणाली, "तू जा, मी बघते." उर्जा नाशिकची, लॅबमध्ये माझ्यानंतर आलेली. तिला शिकायला मिळतंय, मी आडवा येत नाही.

१४ नोव्हेंबर, रात्री ११
खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई फ्राउ विंकलर दारात. पहाटे चारला बेकरीत कामाला जातात म्हणे. दहानंतर ही धडधड बंद करा. मी समजावलं, धडधड नव्हे, याला मिनिमल टेक्नो म्हणतात. २५ तारखेचं पत्रकही दिलं. दोन बोटांत धरून घेऊन गेल्या.
आजपासून हेडफोन.

१५ नोव्हेंबर
हेडफोन उद्यापासून.

१७ नोव्हेंबर
प्रोफेसर जिन्यात भेटले. मोजमापं लेझरच्या किती पॉवरला घेताय, असं विचारलं. मी म्हटलं, "गेनाऊ." अगदी बरोबर. ते बराच वेळ बघत राहिले. माझं जर्मन त्यांना अपेक्षित नसावं.
 

२२ नोव्हेंबर
ग्राफ तयार. उर्जानं सलग नऊ दिवस बसून काढला. तिनं विचारलं, "सोमवारी काय दाखवणार आहेस?"
"आपला ग्राफ."
"आपला? मग माझं नाव कुठाय?"
शेवटच्या स्लाइडवर, आभारात, असं सांगितलं. ती लेझर बंद करायला गेली. समजूतदार मुलगी.
आज झोप नाही. उत्साह.

२६ नोव्हेंबर, दुपारी
काल सेट झाला. हजर: येन्स, बारवाला, स्पीकर जोडणारे दोघं. रेकॉर्डवरची सुई दोनदा घसरली. दोन रेकॉर्ड्स जुळेनात, एक पुढे पळतेय, दुसरी लंगडतेय. येन्स मान हलवत होता. आडवी, पण तालात.
साडेनऊला फ्राउ विंकलर आल्या. कोट अंगावरच. वीस मिनिटं उभ्या राहिल्या, मग जवळ येऊन म्हणाल्या, "इथे घरापेक्षा बरंच कमी ऐकू येतं." पहिली श्रोती.
स्लाइड्स रात्री वाचीन.

२७ नोव्हेंबर
तिसऱ्या स्लाइडवर प्रोफेसरांनी विचारलं, रेषा इथे खाली का जाते?  मी उर्जाकडे पाहिलं. तिनं नजर हटवली नाही. मग प्रोफेसरांनी तिलाच विचारलं, हे कुणी मोजलं?
"मी," ती म्हणाली. उठून फळ्यापाशी गेली आणि अकरा मिनिटं बोलली. ती सांगेल तिथे पॉइंटर मी धरला. टीमवर्क चांगलं दिसलं.

३० नोव्हेंबर
प्रोफेसरांनी बोलावलं. पुढच्या वर्षाला जागा एकच आहे, ती उर्जाला. मला म्हणाले, "तुम्हाला नक्की काय करायचंय?" खरंच विचारत होते.  "आल्झो", म्हणजे "तर मग", एवढं म्हणून थांबलो.
येन्सला फोन केला. डिसेंबरचे सगळे शनिवार भरलेत.
संध्याकाळी उर्जा लॅबची किल्ली घ्यायला खोलीवर आली. दिली. अभिनंदन म्हटलं. ती दारातच थांबली. "जेवलास का?"
हो म्हणालो.
जेवलो नव्हतो.